‘बरं झालंय’च्या पुढे: घरी आणि ऑफिसात मनापासून कौतुक करण्याची रीत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत कौतुकाची एक ठरलेली पट्टी आहे. भाजी उत्तम झाली की ‘बरी झालीये’. फारच उत्तम झाली तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायची आणि काही बोलायचं नाही. मुलाला ९४ टक्के मिळाले की ‘उरलेले सहा कुठे गेले?’ यामागे दुष्टपणा नसतो. तोंडावर स्तुती केली की पोर शेफारतं, सून डोक्यावर बसते आणि वर दृष्ट लागते ती वेगळीच, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिचंच पुढे लष्कर झालं. तेव्हापासून आपल्या पिढ्या हिंदी बोलणाऱ्या मुलखात नांदल्या. ‘क्या बात है’, ‘गजब कर दिया भाईसाब’ हे बाड्याच्या बाजारात, दुकानात, ऑफिसात आपल्या तोंडून सहज निघतं. घरी आलो की चपलांबरोबर तेही दाराशी ठेवून आत जातो.

ऑफिसात उलट प्रकार. तिथे ‘बहुत बढ़िया’ इतक्या वेळा होतं की ते ‘नमस्ते’सारखं झालं आहे. साहेबांनी साधा मेल पाठवला तरी ग्रुपवर टाळ्यांची रांग लागते. ज्याला हे मिळतं त्यालाही कळतं की आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं जातंय.

घरचा कंजूषपणा आणि ऑफिसातली उधळपट्टी, दोन्हींचं मूळ मला एकच वाटतं. समोरच्यानं नेमकं काय केलं ते कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून कौतुक शिकायचं तर सुरुवात बोलण्यापासून करू नका.

आधी आठवडाभर नुसतं बघा

पहिल्या आठवड्यात कुणाचंही कौतुक करायचं नाही. मोबाइलमध्ये एक नोंद उघडा आणि रोज रात्री घरातल्या एकाबद्दल, ऑफिसातल्या एकाबद्दल एकेक ओळ लिहा. अट एवढीच की त्यात विशेषण नको, क्रियापद हवं. ‘वहिनी फार प्रेमळ आहेत’ ही ओळ बाद. ‘वहिनींनी बाबांसाठीची भाजी मीठ घालायच्या आधीच वेगळी काढली’ ही चालेल.

असं बघायला लागलं की एक गोष्ट लक्षात येते. सगळ्यात चांगलं काम बहुतेक वेळा दिसत नाही, कारण ते नीट झालं की काहीच घडत नाही. गॅस कधी मध्येच संपत नाही, कारण कुणीतरी वेळेवर नंबर लावलेला असतो. आजींचं औषध चुकत नाही. मीटिंगला प्रोजेक्टर चालू असतो. या न घडलेल्या गोष्टींमागे कोण आहे ते शोधा. तुमच्या नोंदीतल्या अर्ध्याहून जास्त ओळी तिथून निघतील, आणि ज्यांची नावं येतील त्यांना बहुधा कुणी कधी काही म्हटलेलं नसेल.

मुद्दाम कान द्यायची आणखी एक जागा म्हणजे तक्रार. ‘रोज मीच का गच्चीवरचे कपडे काढायचे?’ असं कुणी चिडून म्हणालं, तर ते काम तो माणूस रोज करतोय आणि ते कुणी पाहत नाही, ही बातमी तुम्हाला फुकट मिळाली.

वाक्य कसं बांधायचं

दोन तुकडे पुरतात: तुम्ही काय केलंत, आणि त्यामुळे काय झालं. तिसरा तुकडा शक्यतो जोडू नका. तो बहुधा उपदेशाचा असतो.

ऑफिसातला एक नमुना घ्या. झाशी आपल्याला जवळची, पण ती उत्तर प्रदेशात. तिथल्या पार्टीचा जीएसटी क्रमांक ०९ ने सुरू होतो, आपल्या मध्य प्रदेशचा २३ ने. घाईत बिल बनवणारा पार्टी जवळची म्हणून राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळा होतो, जिथे परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लागायला हवा. समजा तुमच्या हाताखालच्या मुलीनं हे बिल जायच्या आधी पकडलं. ‘व्हेरी गुड, कीप इट अप’ म्हणालात तर तिला कळतं की साहेब खूश आहेत. कशावर, ते कळत नाही. त्याऐवजी असं म्हणा: ‘झाशीच्या बिलावरचे पहिले दोन आकडे तू पाहिलेस म्हणून ते आजच दुरुस्त झालं. नाहीतर पुढच्या महिन्यात पार्टीचे फोन घेत रिटर्न निस्तरत बसलो असतो.’ एवढ्यावर थांबा. ‘अशीच मेहनत करत राहा’ लावलंत की ते कौतुक राहत नाही, पुढच्या कामाची ऑर्डर होते.

घरचा नमुना होळीच्या पुरणपोळीचा. ‘मस्त झालीये’ हे ती खाल्ली नाही तरी म्हणता येतं. ‘पुरण अगदी काठापर्यंत गेलंय आणि पोळी कुठे फाटलेली नाही’ हे मात्र पोळी हातात धरून पाहिलेल्यालाच म्हणता येतं. जिनं सकाळपासून डाळ शिजवून, पुरण वाटून, कणीक तिंबून ठेवली तिला हा फरक क्षणात कळतो. तिची मेहनत काठापर्यंत पुरण नेण्यातच गेलेली असते.

स्वतःला तपासायची एक सोपी परीक्षा आहे. तुमचं वाक्य नाव बदलून दुसऱ्या कुणालाही लागू पडतं का? पडत असेल तर ते अजून कच्चं आहे. निरोपसमारंभातली भाषणं आठवा. ‘अतिशय मनमिळाऊ, कामसू आणि सर्वांना सांभाळून घेणारे’ हे तिन्ही शब्द प्रत्येक निवृत्त होणाऱ्याला वाहिलेले असतात, हारासारखे.

वेळ

हे ग्वाल्हेरकरांना शिकवायला नको. दर डिसेंबरात हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, तानसेन समारोह हा संगीताचा उत्सव होतो, ढोलीबुवांच्या हरिकथेनं आणि मिलादनं (पैगंबरांच्या स्तुतीनं) सुरुवात होते, आणि मग थंडीत शाली गुंडाळून लोक रात्र जागवतात. तिथे श्रोता ओळखायचा असेल तर त्याची दाद कुठे पडते ते बघा. गवयानं अवघड तान घेऊन नेमकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणली की जाणकाराची मान तिथेच हलते, एखादा ‘वाह’ तिथेच निघतो. दोन आवर्तनं उलटल्यावर आलेला ‘वाह’ म्हणजे शेजाऱ्याचं पाहून दिलेला. ज्या गावात हद्दू खाँ-हस्सू खाँ या भावांची ख्यालगायकी वाढली आणि कृष्णराव शंकर पंडितांसारखे गवई होऊन गेले, तिथल्या माणसाला दादेची जागा कळते. ती जेवणाच्या ताटावर आणि ऑफिसच्या टेबलावर तेवढी वापरायची राहिली आहे.

म्हणून काम ताजं असताना बोला. त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात. वर्षाच्या शेवटी अप्रेझलच्या फॉर्मात लिहिलेलं कौतुक फॉर्मापुरतंच असतं.

उशीर झाला तर मात्र सोडून देऊ नका. जुनं कौतुक उशिरानं केलं तर त्याची वेगळीच गोडी असते, अट एकच की तपशील पक्का हवा. ‘मामा, मी बारावीत असताना तुम्ही स्कूटरवरून मला क्लासला सोडायचात आणि बाहेर पेपर वाचत बसायचात. ते मला आता माझ्या मुलाला सोडताना आठवतं.’ असं वाक्य कितीही वर्षांनी चालतं.

चारचौघांत की एकट्यात?

याला एक नियम नाही. माणूस बघायचा. काहींना सगळ्यांसमोर नाव घेतलं की दोन दिवस बळ येतं. काही जण मान खाली घालतात आणि नंतर ‘कशाला बोललात’ म्हणतात. ठाऊक नसेल तर आधी एकट्यात बोला, चेहरा बघा, मग पुढचं ठरवा.

चारचौघांत बोलायचं तर दुसऱ्याशी तुलना नको. ‘शिका जरा हिच्याकडून’ म्हटलंत की तिच्या वाट्याला कौतुकाऐवजी खोलीभर वैर येतं. घरात तर हे आणखी महाग पडतं. धाकट्या सुनेच्या चकल्यांचं कौतुक थोरलीसमोर ‘हिला कधी जमल्या नाहीत’ अशा शेपटीनं केलं की दिवाळी संपली तरी ते वाक्य घरात फिरत राहतं.

ज्या कामात चार हात लागले ते एकट्याच्या नावावर टाकू नका. ऑफिसातल्या निम्म्या रुसव्यांचं मूळ इथे असतं, हे मी पैजेवर सांगेन.

आणि एक प्रकार आपल्या स्वभावाला अगदी मानवणारा आहे, तो भरपूर वापरा: पाठीमागचं कौतुक. मराठी माणसाला तोंडावर बोलायला जड जातं, पण तिसऱ्याजवळ तो मोकळेपणानं बोलतो. अडचण इतकीच की ते पोहोचत नाही. म्हणून निरोप्या व्हा. ‘काल काका सांगत होते, तू बँकेत त्यांच्याबरोबर फॉर्म भरायला थांबलास म्हणून त्यांचा एक हेलपाटा वाचला.’ ज्याला हे कळतं त्याला शंका घ्यायला जागाच उरत नाही, कारण ते त्याला खूश करायला बोललेलं नव्हतं.

वयानं आणि हुद्द्यानं मोठे

इथे खरी अडचण येते. पंचवीस वर्षांच्या सुनेनं सासूबाईंना ‘तुमचा स्वयंपाक उत्तम आहे’ असं सर्टिफिकेट दिलं तर ते कानाला खटकतं. साहेबाला ‘सर, आपने बहुत अच्छा संभाला’ म्हटलं की शेजारचे मस्का म्हणून डोळे मिचकावतात. मोठ्यांना शाबासकी द्यायची नसते, ही आपली रीत काही उगाच पडलेली नाही. त्यावर दोन तोडगे आहेत.

पहिला, विचारायचं. ‘आई, तुमची कढी इतकी उकळली तरी फुटली नाही. तुम्ही बेसन आधी ताकात घुसळून घेता का?’ यात कौतुक पूर्ण आहे आणि पायरीही सुटलेली नाही. मग त्या सांगतील की पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवायचं नाही, आणि त्यांच्या आईनं हे त्यांना कसं शिकवलं तेही सांगतील. तेवढा वेळ हातात ठेवा. विचारून लगेच मोबाइल बघितलात तर न विचारलेलं बरं होतं.

दुसरा, हिशेब द्यायचा. मोठ्यांनी दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय झालं ते त्यांना जाऊन सांगा. ‘सर, तुम्ही म्हणालात तसं पार्टीला मेलच्या आधी फोन केला. त्यांनी आजच पेमेंट सोडलं.’ यात एकही विशेषण नाही, त्यामुळे मस्क्याचा आरोप कुणी करू शकत नाही. सल्ला देणाऱ्यांना आपल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे सहसा कधीच कळत नाही. शिक्षकांना तर नाहीच. एखाद्या जुन्या सरांना फोन करून त्यांनी शिकवलेली कुठली गोष्ट आज कामाला आली ते सांगून बघा.

मुलांच्या बाबतीत जरा थांबून

‘किती हुशार आहेस!’ हे आपलं लाडकं वाक्य. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ सांगितलं, काहींना ‘तू खूप मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश चाखवलं. हुशार म्हटलेली मुलं लवकर हात टेकायला लागली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही त्यांची कामगिरी घसरली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना ती जास्त वाढवून सांगू लागली. कारण उघड आहे. हुशारीचं बिरूद मिळालं की ते जाण्याची भीती मागोमाग येते.

याचा अर्थ प्रत्येक वेळी ‘मेहनत केलीस’ म्हणायचं असा नाही. मुलं तेही ओळखतात. नेमकं काय केलं ते सांगा. ‘भूमितीचं हे प्रमेय आधी चुकलं, मग तू आकृती पुन्हा मोठी काढलीस आणि सुटलं.’ ‘आज गाताना तुझा तानपुऱ्याकडे कान होता.’ मे महिन्यात निकाल लागले की पेढे वाटताना तर नक्की. टक्के सगळ्या पाहुण्यांना सांगून होतात, पण जानेवारीत सकाळच्या धुक्यात उठून त्यानं जे केलं त्याबद्दल घरातलं कुणी बोलत नाही.

फुगवलेलं कौतुक तर नकोच. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की स्वतःबद्दल कमी विश्वास असलेल्या मुलांना ‘अविश्वसनीय सुंदर चित्र काढलंस’ म्हटलं तर ती पुढचं अवघड चित्र घ्यायला कचरतात. नुसतं ‘सुंदर काढलंस’ त्यांना पुरतं. गंमत अशी की मोठी माणसं नेमक्या याच मुलांचं कौतुक जास्त फुगवून करतात, कळवळ्यापोटी.

काय टाळायचं

‘पण’. ‘प्रेझेंटेशन छान होतं, पण स्लाइड जास्त झाल्या.’ ऐकणाऱ्याच्या लक्षात ‘पण’पुढचं तेवढं राहतं. चूक सांगायची असेल तर ती स्वतंत्र, दुसऱ्या वेळी, सरळ सांगा. दोन गोड पावांच्या मध्ये चूक घालून देणं ही मला अप्रामाणिक सवय वाटते, मग मॅनेजमेंटच्या वर्गात काहीही शिकवोत. काही दिवसांनी लोक तुमचं गोड वाक्य ऐकूनच सावध होतात.

कौतुकाच्या पाठोपाठ काम मागू नका. ‘तुझं अक्षर किती सुरेख आहे, हे शंभर पत्ते लिहून देतेस का?’

‘बाई असून’, ‘या वयात’, ‘गावाकडून येऊन’, ‘आमच्यात न वाढताही मराठी किती छान बोलतेस’ असली सुरुवात असलेलं कौतुक अपमानच असतो. हिंदी घरातून आलेल्या सुनांना हे शेवटचं वाक्य इतक्यांदा ऐकावं लागतं की त्या हसून सोडून देतात. त्यांनी ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ कुठे वापरायचं हे किती बारकाईनं उचललं, ते म्हणा.

ऑफिसात रूपाबद्दल, कपड्यांबद्दल, वजनाबद्दल बोलू नका. कामाबद्दल बोलण्यासारखं खूप असतं.

आणि पगाराच्या जागी कौतुक देऊ नका. घरकामाच्या मावशी सणाला जास्तीचं राबल्या तर ‘तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही’ हे जरूर म्हणा, पण पैसे हातात ठेवून म्हणा. ज्याची बढती अडवून ठेवली आहे त्याला सत्कारात शाल दिली तर तो घरी जाऊन काय बोलत असेल याचा विचार करा. एरवी मात्र मोबदला ठरलेला असतानाही शब्द काम करतात. अॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांच्या २०१० मधल्या एका प्रयोगात विद्यापीठासाठी देणग्यांचे फोन करणाऱ्या पगारी कर्मचाऱ्यांना संचालकांनी स्वतः येऊन मनापासून आभार सांगितले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचे फोन सरासरी ५० टक्क्यांनी वाढले. ज्यांच्याकडे कुणी गेलं नाही त्यांचे होते तेवढेच राहिले.

आपलं कौतुक झालं तर

‘छे हो, त्यात काय एवढं’ हे उत्तर आपल्या जिभेवर कायम तयार असतं. त्यामुळे बोलणारा ओशाळतो आणि पुढच्या वेळी गप्प बसतो. ‘तुमच्या लक्षात आलं, बरं वाटलं’ एवढं पुरे. लगेच परतफेडीचं कौतुकही नको. ‘तुमची साडीपण छान आहे’ म्हटलं की दोन्ही कौतुकं वाया गेली. कामात दुसऱ्याचा हात असेल तर त्याचं नाव घ्या.

सुरुवातीचा अवघडलेपणा

वाक्य मनात तयार असतं आणि ओठाशी अडतं. आपण बोललो तर विचित्र वाटेल, असं वाटतं. एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं: कौतुक करणाऱ्यांना समोरच्याला होईल तो आनंद प्रत्यक्षापेक्षा कमी वाटला, आणि अवघडलेपणा जास्त. म्हणजे आपला अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो.

तोंडानं जमत नसेल तर लिहा. डब्यात चिठ्ठी, किंवा व्हॉट्सॅपवर त्या एकट्या माणसाला दोन ओळी. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलंत की त्याखाली बावीस हात जोडलेले येतात आणि तुमचं वाक्य वर सरकून जातं. मराठीत जड वाटलं तर सुरुवात ‘क्या बात है’नं करा, काही बिघडत नाही. ग्वाल्हेरच्या मराठीत तेवढं हिंदी मुरलेलंच आहे. तपशील मात्र पुढे आला पाहिजे.

रोज दहा जणांच्या मागे लागू नका. आठवड्याला दोन-तीन पुरेत, आणि ज्या दिवशी काही दिसलं नाही त्या दिवशी काही बोलू नका.

घरात वर्षानुवर्षं ‘बरं झालंय’वर दिवस काढलेल्या माणसानं एके रात्री अचानक ‘आज फोडणीत मोहरी नीट तडतडली होती, पोहे मोकळे झालेत’ असं म्हटलं, तर समोरून येणारं पहिलं उत्तर बहुधा ‘काय हवंय?’ हे असेल. ते गृहीत धरा. रागावू नका, समजावत बसू नका. ‘काही नको’ म्हणा, पोहे संपवा, आणि त्या दिवशी खरोखरच काही मागू नका. चहासुद्धा स्वतः करून घ्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा काही दिसलं तर पुन्हा म्हणा. ‘काय हवंय?’ हा प्रश्न तीन-चारदा येतो, मग बंद होतो.